गूळ, मीठ, मिरची आणि ड्राय व्हाइट वाइन

पहिल्यांदाच ड्राय व्हाइट वाइन पिणारा माणूस पहिल्या घोटाला हमखास तोंड वाकडं करतो. "आंबट आहे यार!" लगेच कोणीतरी त्यात स्प्राइट घालायचा सल्ला देतं. वाइन बनवणाऱ्याने महिनाभर खपून जी साखर संपवलेली असते, ती आपण दोन सेकंदांत ग्लासात परत ओततो.

त्या माणसाची जीभ मात्र अगदी बरोबर सांगत असते. ड्राय व्हाइट वाइन आंबटच असते आणि तिचं सगळं काम तो आंबटपणाच करतो. लिंबाची फोड नुसती चोखली तर डोळे मिटतात, पण तीच तव्यावरून उतरलेल्या सुरमईवर पिळली की मासा खुलतो. ही वाइनही नुसती पिऊन कळत नाही, कशाबरोबर तरी प्यावी लागते. आणि कशाबरोबर, हे ठरवायला फ्रेंच नावं पाठ असण्याची गरज नाही. ताटात मीठ किती, तेल किती, तिखट किती आणि गूळ किती, एवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा उत्तर मिळतं. त्यातला गूळ सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

साखर जाते कुठे?

ड्राय म्हणजे जिच्यात गोडवा जवळपास उरलेला नाही अशी वाइन. द्राक्षाच्या रसात साखर भरपूर असते. यीस्ट ती खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार द्राक्षातली साखर ब्रिक्स या एककात मोजतात आणि बोलताना नुसतं "शुगर किती आली?" असं विचारतात. व्हाइट वाइनची द्राक्षं साधारण २० ते २२ ब्रिक्सला तोडली जातात, म्हणजे लिटरभर रसात २०० ग्रॅमच्या आसपास साखर. लिटरमागे १७ ग्रॅम साखर संपली की अल्कोहोल एका टक्क्याने वाढतं. २०० ला १७ ने भागा, १२ च्या जवळ उत्तर येईल. बाटलीवर छापलेले १२ किंवा १२.५ टक्के येतात ते असे.

यीस्टला मध्येच थांबवलं तर साखर मागे राहते आणि वाइन गोडसर होते. शेवटपर्यंत जाऊ दिलं तर ड्राय. युरोपियन युनियनच्या नियमानुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर उरलेली वाइन ड्राय म्हणवली जाते, आणि आम्ल पुरेसं जास्त असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. आम्लाची ही सवलत उगाच दिलेली नाही: आंबटपणा जास्त असला की थोडी साखर जिभेला कळतच नाही. तुलनेसाठी सांगतो, कोलाच्या लिटरभर बाटलीत १०० ग्रॅमच्या पुढे साखर असते.

इथे एक घोळ नेहमी होतो. ग्लास नाकाशी नेला की पेरू, अननस, पिकलेलं फळ असं काहीतरी जाणवतं आणि माणूस म्हणतो, ही गोड आहे. वास गोड फळांचा असतो, चव गोड नसते. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. फळ गायब होईल, उरेल तो आंबटपणा आणि घशात किंचित ऊब. नाक सोडलं की फळ परत येईल.

रेड आणि व्हाइटमधला मुख्य फरक द्राक्षाच्या सालीचा. रेड वाइन सालीसकट आंबवतात, त्यामुळे रंग उतरतो आणि त्याबरोबर टॅनिनही, म्हणजे कच्च्या सुपारीसारखा तोंड आवळणारा तुरटपणा. व्हाइटसाठी द्राक्षं दाबून आधी रस वेगळा काढतात आणि मग थंडाव्यात, साधारण १२ ते १८ अंशांना, आंबवतात. टॅनिन नाही, म्हणून तिला उभं राहायला आंबटपणाचाच आधार. तो गेला की व्हाइट वाइन पाणचट लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या बाटलीचीही चव अशीच उतरलेली असते. तिच्यातली ताजी फळं विझलेली असतात आणि तिच्या चवीवरून लोक एकूण व्हाइट वाइनबद्दलच मत बनवतात.

द्राक्षवेलीची दोनदा छाटणी

हा आंबटपणा मुख्यतः दोन आम्लांचा: टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदातलं आम्ल. द्राक्ष पिकत जातं तसं मॅलिक आम्ल वेल स्वतःच वापरून टाकतो, आणि जितकं ऊन जास्त तितकं ते लवकर संपतं. थंड प्रदेशातली व्हाइट वाइन जास्त आंबट असते ती यामुळे. फ्रान्समधल्या लोआर नदीचा काठ, जर्मनीतली मोझेलची खोरी, न्यूझीलंडमधलं मार्लबरो ही या वाइनची मोठी नावं, आणि सगळी गार हवेतली.

मग २० अक्षांशावरच्या नाशिकला हे जमतं कसं? युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, वसंतात फुटतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फळ देतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी त्याला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून घड येतो. छाटण्या दोन, पीक एक. याचा फायदा असा की फळ पिकतं ते आपल्या हिवाळ्यात, जेव्हा नाशिक-दिंडोरीकडच्या रात्री चांगल्याच गार असतात. रात्रीचा गारवा आम्ल सांभाळतो आणि दिवसाचं ऊन साखर भरतं. तोडणी जानेवारी ते मार्च, तीही शक्यतो पहाटे, घड तापायच्या आत. एवढं करूनही आम्ल कमी पडलं तर वाइनरीत टार्टारिक आम्ल घालतात. गरम देशांत ही सर्रास आणि कायदेशीर पद्धत आहे, नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही.

या व्यवहारात खायची द्राक्षं फारशी उपयोगाची नसतात. थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं बारकी, बिया असलेली, रसाला दाट. नाशिकमध्ये सुलाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॉव्हिन्यॉन ब्लाँची लागवड केली आणि २००० साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या. त्याच्या आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शॅटो इंडाजने शँपेनच्या पद्धतीने फसफसणारी वाइन बनवून दाखवली होती. आज दिंडोरीपासून अकलूजपर्यंत महाराष्ट्रात ड्राय व्हाइट बनते. म्हणजे हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. परकी राहिली आहे ती ती जेवणासोबत प्यायची सवय.

तीन नावं पुरेत

दुकानात गोंधळ होतो तो नावांमुळे. सुरुवातीला तीन ओळखली तरी काम चालतं.

सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही सगळ्यात सरळ ड्राय. वास तीव्र, चव धारदार. हिच्यात ढोबळी मिरचीचा वास येतो असं कोणी म्हणालं तर ती कवीकल्पना समजू नका. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं पायराझीन नावाचं संयुग या द्राक्षातही असतं. पॅशन फ्रूट आणि पेरूत सापडणारी गंधकयुक्त संयुगंही हिच्यात तयार होतात. द्राक्ष कोवळं तोडलं तर मिरची पुढे, पिकवून तोडलं तर फळ पुढे.

शेनिन ब्लाँ नाशिकला फार मानवली आहे. पण घेताना लेबल नीट वाचा, कारण आपल्याकडची बरीचशी शेनिन मुद्दाम किंचित गोडसर ठेवलेली असते. त्यात वाईट काही नाही, उलट तिखटाबरोबर तीच कामाला येते. फक्त ड्राय समजून घेतली आणि घरी गोड निघाली असं होऊ नये. मागच्या लेबलवर "ड्राय", "ऑफ-ड्राय" असं बहुधा लिहिलेलं असतं.

शार्डोनेचं द्राक्ष स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे वाइनमेकरला त्यात हवं ते करता येतं. स्टीलच्या टाकीत ठेवली तर साधी, स्वच्छ, लिंबासारखी. ओकच्या पिंपात ठेवली तर जड, गोलसर. अशा वाइनमध्ये बऱ्याचदा मॅलिक आम्लाचं बॅक्टेरियाकडून लॅक्टिक आम्ल करून घेतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं आम्ल, ते मॅलिकपेक्षा मऊ. या प्रक्रियेत डायअॅसिटिल तयार होतं, जे लोण्यातही असतं, म्हणून शार्डोनेला "बटरी" म्हणतात. आणि ओकच्या लाकडातल्या लॅक्टोनला चक्क नारळाचा वास असतो. हे लक्षात ठेवा, पुढे पांढऱ्या रश्शाशी याचा संबंध येणार आहे.

रीसलिंग, व्हिऑन्ये, स्पेनची अल्बारिन्यो, पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द यांची गोष्ट नंतर कधी. ही तीन जमली की बाकीच्यांची ओळख आपोआप होते.

एका बशीत सगळी परीक्षा

आता मुद्द्याचं. कशाबरोबर काय, याच्या याद्या वाचण्यापेक्षा घरी एक प्रयोग करून पाहा. थंड सॉव्हिन्यॉन ब्लाँचा एक ग्लास आणि एक बशी. बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, बटाट्याचे खारे वेफर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा. आधी नुसत्या वाइनचा घोट घ्या आणि ती किती आंबट लागते हे मनात नोंदवून ठेवा.

मग लिंबू मिठाला लावून चाटा आणि लगेच वाइन प्या. मघाशी आंबट लागलेली वाइन आता मऊ, जवळपास गोडसर वाटेल. लिंबाच्या रसात लिटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास आम्ल असतं, वाइनमध्ये ५ ते ८. जिभेने लिंबाचा आंबटपणा प्रमाण मानला की वाइनचा त्यापुढे काहीच नाही. मीठही आंबट आणि कडू दोन्ही दाबतं. म्हणून खारट आणि आंबट पदार्थ या वाइनचे मित्र. पण मैत्रीलाही हद्द असते. पदार्थ वाइनपेक्षा फारच आंबट असला तर वाइन पाण्यासारखी होऊन जाते.

पाणी पिऊन वेफर खा. तेल आणि मीठ तोंडात पसरू द्या, मग घोट घ्या. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, ती लाळ तेलाचा थर सोडवते आणि पुढचा वेफर पहिल्यासारखाच कुरकुरीत लागतो. तळलेलं आणि ड्राय व्हाइट हे गणित जवळपास कधीच चुकत नाही. माझ्या मते या सगळ्या विद्येतलं सगळ्यात भरवशाचं वाक्य हेच.

ठेचा अगदी थोडा घ्या. वाइन पिताच जाळ वाढेल. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं आणि अल्कोहोलही त्यांनाच चेतवतं, म्हणजे एका आगीत दुसरी. अल्कोहोल जितकं जास्त तितका भडका मोठा. फार तिखटासमोर १४ टक्क्यांची जड शार्डोने ठेवणं हा दोघांवर अन्याय. कमी अल्कोहोलची, चांगली गार आणि किंचित गोडसर वाइन असेल तर मात्र निभावतं.

शेवटी गुळाचा खडा. तो विरघळू द्या आणि मग वाइन प्या. फळ गायब, वास गायब, उरतो नुसता बोचरा आंबटपणा. तीच बाटली आणि तोच ग्लास, पण वाइन एकदम हलक्या प्रतीची वाटते. जेवण वाइनपेक्षा गोड असलं की असं होतं, आणि ड्राय वाइनपेक्षा काहीही गोडच असणार.

आपल्याकडे सगळे मिरचीला दोष देतात. "आपलं जेवण तिखट, त्याबरोबर वाइन जात नाही." मला हे अर्धंच पटतं. मराठी जेवणात ड्राय वाइनचा खरा घात गूळ करतो. आमटीत गूळ, भाजीत चिमूटभर साखर, चटणीत गूळ, पंचामृतात तर विचारूच नका. चिंच-गुळाच्या आमटीने जिभेला जो समतोल दिलेला असतो, तो या वाइनचा पहिला घोट मोडून टाकतो.

कोणत्या ताटाशी

"माशाबरोबर व्हाइट, मटणाबरोबर रेड" हा नियम सगळ्यांना माहीत असतो. त्यातल्या माशाच्या भागाला शास्त्राचा आधार सापडला आहे. जपानच्या मर्शन या वाइन कंपनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका शिंपल्याच्या मांसाबरोबर तोंडात उग्र हिवसा वास मागे राहतो. लोह रेडमध्ये बहुधा जास्त असतं. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर रेड प्यायल्यावर तोंडात काहीतरी गंजल्यासारखं होतं, त्यामागचं एक कारण हे.

पण हा नियम बनला त्या स्वयंपाकघरांत मासा मीठ, लोणी, लिंबू एवढ्यावर शिजतो. आपल्याकडे मासा ठरवत नाही, मसाला ठरवतो. कोळंबीच घ्या. लसूण-लोण्यावर परतलेली कोळंबी असेल तर ड्राय व्हाइटपैकी कोणतीही चालेल. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण आणि भरपूर तेलातलं कोळंबीचं भुजणं असेल तर सॉव्हिन्यॉन ब्लाँ जणू त्याच्यासाठीच बनली आहे, कारण दोन्हीकडे तोच हिरवा वास. आणि कोळंबीचं लोणचं असेल तर बाटली फ्रिजमध्येच राहू द्या.

सगळ्यात सुंदर जोडी कुठली विचाराल तर माझं उत्तर बोंबील रवा फ्राय. ओले बोंबील चिरून, वजनाखाली ठेवून पाणी काढलेलं, कोकमाचं आगळ, हळद, मीठ आणि बेताचा मसाला लावून तांदळाच्या पिठात नि रव्यात घोळलेले. तव्यावरून येतात तेव्हा बाहेर रवा करकरीत आणि आत मांस जवळपास लोण्यासारखं. चव नाजूक, त्यामुळे जड वाइन तिला चिरडते. गार सॉव्हिन्यॉन ब्लाँचा घोट रव्यात धरून राहिलेलं तेल काढतो, आगळाच्या आंबटपणाशी त्याची ओळख पटते आणि बोंबलाचा स्वतःचा खारा समुद्री गोडवा पुढे येतो. सुरमई किंवा पापलेटाच्या तुकडीलाही हेच लागू, पण बोंबलाच्या बाबतीत फरक जास्त कळतो. तिखट मसाला हात राखून लावायचा एवढीच अट.

गोव्याकडे गेलात तर काफ्रेआल चिकन. तोही हिरवाच मसाला, सॉव्हिन्यॉनच. व्हिनेगरमध्ये वाटलेला लाल रेशाद मसाला मात्र तिखट आणि आंबट दोन्ही बाजूंनी अंगावर येतो. तिथे किंचित गोडसर शेनिन बरी. नारळाच्या दुधातल्या सौम्य कॅल्दिनला ओकमधली शार्डोने द्या. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शालाही हीच. नारळाचं दूध, काजू-खसखस, मटणाचा अर्क आणि मिरीची ऊब: इतका दाट रस्सा सॉव्हिन्यॉनला पातळ करून टाकेल, पण शार्डोनेच्या जाडीला तो पेलवतो आणि ओकचा नारळी वास नारळाला जाऊन मिळतो. शेजारच्या तांबड्या रश्शाबद्दल मी बोलत नाहीये. तो स्वतंत्र माणूस आहे, त्याला कोणाची सोबत लागत नाही.

शाकाहारी मंडळींना वाइनच्या लेखांत सहसा चीजचे तुकडे देऊन गप्प बसवतात. वास्तविक आपल्या तळणीत त्यांच्यासाठी खजिना आहे. कोथिंबीर वडी, कांदाभजी, साबुदाणा वडा, लसणाच्या कोरड्या चटणीबरोबर बटाटावडा: तेल, मीठ, कुरकुरीतपणा, सगळं या वाइनच्या बाजूचं. सुरळीच्या वडीतली कोथिंबीर आणि मोहरी सॉव्हिन्यॉनला फार छान लागते. अळूवडीत चिंच-गूळ असतो, म्हणून तिथे शेनिनकडे सरका. लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ शार्डोनेबरोबर करून पाहा, लोकांना नवल वाटेल पण चीज खाणाऱ्या फ्रेंच माणसाला वाटणार नाही. त्यांच्याकडची नामांकित जोडीही अशीच घरगुती आहे: लोआरकाठच्या साँसेरची सॉव्हिन्यॉन आणि तिथल्याच शाव्हिन्योल गावचं शेळीच्या दुधाचं आंबूस चीज.

सोलकढी आणि ही वाइन एकत्र नको. सोलकढी तेलाचा थर उतरवण्याचं तेच काम करते आणि तिच्या आंबटपणापुढे वाइन हरते. दोघींपैकी एक निवडा. कोकणात जेवायला बसला असाल तर मी सोलकढीच निवडेन.

एक अडचण याहून मूळची आहे. युरोपात पदार्थ एकामागून एक येतात, त्यामुळे प्रत्येकाला वाइन जोडता येते. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उसळ, आमटी, गोड, सगळं एकदम. कोणतीही एक वाइन या सगळ्यांशी जमवून घेऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूला आपली प्यायची रीत म्हणजे आधी दोन तास चकणा, मग जेवण. या रीतीवर टीका पुष्कळ होते, पण ड्राय व्हाइटसाठी ती सोयीचीच आहे. फक्त गोड फरसाण आणि मसाला शेंगदाण्यांऐवजी तव्यावरची तुकडी, भजी, वड्या असं गरम गरम एकेक करत बाहेर येऊ द्या. बाटली तिथे संपवा. पान वाढलं, आमटी-भात आला की पाण्याचा ग्लास घ्या.

गारवा आणि माप

घरचा फ्रिज ४-५ अंशांना असतो. इतक्या गार वाइनला वासच येत नाही. सॉव्हिन्यॉन ८ ते १० अंशांना खुलते, शार्डोने १० ते १२. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवली की झालं. आपल्या उन्हाळ्यात उलट काळजी: ग्लासात वाइन भराभर तापते, म्हणून थोडी थोडी ओतायची, ग्लास दांडीला धरायचा आणि बाटली परत गार जागी ठेवायची. पाहुणे दारात आले आणि बाटली गरम असेल तर बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि मूठभर मीठ टाका. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाण्याचा बाटलीला सगळीकडून स्पर्श होतो, वीसेक मिनिटांत काम होतं. ग्लासात बर्फ टाकायची वेळ आली तर टाका, कोणी पोलीस येत नाही, पण वाइन पातळ होणार हे धरून चाला.

लेबलवरचं साल बघा. साध्या ड्राय व्हाइटला जुनं होऊन मोल येत नाही. सॉव्हिन्यॉन तर दोन वर्षांच्या आत प्यावी. आपल्याकडची तोडणी वर्षाच्या सुरुवातीलाच होते, त्यामुळे त्याच सालची बाटली वर्षअखेरीला मिळाली तर उत्तम. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून वाइन स्वस्तातली समजू नका. ताजेपणा टिकवायला ते बुचापेक्षा सरस.

"वाइनच आहे, काही होत नाही" हे वाक्य मात्र गणितात बसत नाही. साडेबारा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम असतं. एक ग्लास वाइन म्हणजे दीड पेग. आंबट-गार असल्यामुळे ती सरबतासारखी उतरते आणि हिशेब नंतर कळतो. गाडी चालवायची असेल तर ग्लास लहान की मोठा हा प्रश्नच नाही.

बाटली उरली तर

झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चालते. रोज थोडा वास कमी होत जातो. चौथ्या दिवशी प्यायला कंटाळवाणी झाली की बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणा. मिठाच्या पाण्यात ठेवून रेती काढा, नीट धुवा. पसरट भांड्यात तेल किंवा लोणी तापवून भरपूर लसूण आणि एखादी हिरवी मिरची परता, तिसऱ्या शिंपल्यांसकट टाका, अर्धी वाटी वाइन ओता आणि झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतील. जे उघडले नाहीत ते फेकून द्या. वरून मूठभर कोथिंबीर. मीठ शेवटी, चव बघून, कारण तिसऱ्यांचं पाणी आधीच खारट असतं. पोर्तुगालमध्ये शिंपले असेच करतात, लसूण, व्हाइट वाइन आणि चक्क कोथिंबीर घालून. युरोपात कोथिंबीर इतक्या मोकळ्या हाताने वापरणारे लोक विरळाच. इतक्या कमी वेळात अल्कोहोल पूर्ण उडून जात नाही, तेव्हा घरात मुलं किंवा न पिणारी माणसं असतील तर त्यांच्यासाठी वाइनऐवजी लिंबू पिळून वेगळं भांडं लावा. रस्सा टिपायला पाव जास्तीचे आणा, नेहमी कमी पडतात.